बाहेरून लागणारी खोली

साळवेंनी पडद्याची चेन अर्ध्यावर ओढली तेव्हा मी आतून म्हटलं, "आधी तुम्ही आत या."

"मग बाहेरून कोण लावणार, कदमबाई?" ते म्हणाले.

खरंच होतं. ती चेन बाहेरूनच लागायची. तशी मीच शिवली होती.

दुपारचे चार वाजायला आले होते. मागच्या कारखान्यांच्या बाजूने पांढरा धूर आला होता. कोणत्या कंपनीतून सुटला ते मला तेव्हा माहीत नव्हतं, आजही नाही. आधी तो आमच्या रस्त्यावर घोट्याएवढा साचला, मग जिन्याच्या पायऱ्या चढायला लागला. आम्ही पहिल्या मजल्यावर. वरच्या घरांना कुलपं, माणसं कामाला गेलेली. गच्चीलाही कुलूप आणि चावी सेक्रेटरीच्या खिशात, सेक्रेटरी ठाण्याला. माझी सून सुप्रिया आणि मी, दोघींच्या डोळ्यांतून पाणी थांबत नव्हतं. तिच्या कडेवर दहा महिन्यांची ओवी. ओवी रडत नव्हती, नुसती खोकत होती. रडली असती तर बरं वाटलं असतं.

साळवे समोरच्या दारात राहायचे. त्यांनी आमचं दार बडवलं, ओवीला उचललं आणि आम्हाला ढकलतच त्यांच्या अंधाऱ्या खोलीत नेलं. बदलापूरच्या आमच्या कात्रपमध्ये त्या दुपारी हवा शिरणार नाही अशी एकच जागा होती आणि ती मोहरीच्या रोपांसाठी केलेली होती.

ती कशी झाली ते सांगते.

साळवे मुंबईच्या एका कॉलेजात वनस्पतिशास्त्राच्या प्रयोगशाळेत शिपाई होते. शिपाई म्हटलं की त्यांना राग येत नसे, सर म्हटलं की येई. "सर पुष्कळ होते तिथे," म्हणायचे. "कुंडीत पाणी घालणारा मी एकटा." पस्तीस वर्षं त्यांनी एकच काम केलं. रोपं अंधारात वाढवायची, ठरलेल्या वेळेला ठरलेला उजेड दाखवायचा आणि काय झालं ते लिहून ठेवायचं. निवृत्त झाल्यावर माणसं देवधर्म करतात, नातवंडं सांभाळतात. साळवेंनी बदलापूरला दोन खोल्यांचं घर घेतलं आणि त्यातली एक खोली काळी केली.

खिडकी विटांनी बुजवली. फटींत डांबर भरलं. भिंती काळ्या, छत काळं. लाकडी दार पावसाने फुगायचं आणि नीट बसायचं नाही, म्हणून ते काढूनच टाकलं आणि तात्पुरता पडदा टांगला. इमारतीत बोलणं सुरू झालं. तळमजल्यावरच्या चौधरीबाई म्हणाल्या, "एकटा माणूस, काळी खोली. आत काय वाढवतोय देव जाणे." पोरं तिला भूतखोली म्हणायची. शेवटी सेक्रेटरी चार माणसं घेऊन बघायला आला. मीही गेले, मला बघायचंच होतं.

साळवेंनी सगळ्यांना मोबाइल बाहेर ठेवायला लावले. घड्याळं काढायला लावली, काटे चमकतात म्हणून. मग एकेकाला आत घेतलं. माझ्या मागून सेक्रेटरी आला आणि त्याच्या मागे पडदा जरासा उघडा राहिला.

"दार!" साळवे ओरडले.

दार तिथे नव्हतंच. तरी ते "दार!"च म्हणायचे. पस्तीस वर्षांची सवय. कॉलेजात ते मोठमोठ्या प्रोफेसरांवरही हाच शब्द ओरडायचे. एकदा कुणा विद्यार्थ्याने दार फटीएवढं उघडं ठेवलं आणि तीन महिन्यांची मेहनत एका सकाळी गेली. तेव्हापासून कोणी आत आलं की नमस्कार नाही, या-बसा नाही, "दार!"

आत एक बारीकसा हिरवा दिवा होता. इतका मंद की आधी काहीच दिसलं नाही. मग हळूहळू ट्रे दिसले. ट्रेमध्ये शेकडो रोपं. पांढरी, बारीक, लांब. पानं मिटलेली आणि प्रत्येकाची मान खाली वाकलेली. काही चूक केलेली शंभर माणसं एका ओळीत उभी केल्यासारखी. माझ्या अंगावर काटा आला. मी तशी घाबरणारी बाई नाही.

"हिरवाच दिवा का?" सेक्रेटरीने हळू आवाजात विचारलं. तिथे आपोआप आवाज हळू होतो.

"हिरव्यात आपल्याला ती दिसतात," साळवे म्हणाले. "त्यांना आपण दिसत नाही. जवळजवळ नाही."

"जवळजवळ म्हणजे?"

"म्हणजे फार वेळ थांबू नका."

सेक्रेटरी थांबला नाही. परत कधी तक्रारही आली नाही.

पडद्याचं काम माझ्याकडे आलं. मी उल्हासनगरला कॅम्प दोनमध्ये जीन्सच्या कारखान्यात बावीस वर्षं चेन बसवली आहे. शिक्षण चौथीपर्यंत, पण चेन माझ्यासारखी कुणाला बसवता आली असेल तर समोर आणा. साळवेंना दारभर पडदा हवा होता, उजेडाचा कणही न येणारा. मी कॅम्प दोनमध्ये जाऊन काळं रेक्झीन आणलं, जाड, दुहेरी. सिंधी दुकानदार ओळखीचा. मापून देताना म्हणाला, "अम्मा, इतना काला? किसको छुपाना है?"

"घास को," मी म्हटलं.

"घास को!" तो नोकराकडे बघून म्हणाला, "अम्मा गई."

मी रेक्झीनच्या कडा लाकडी पट्ट्यांनी चौकटीला ठोकून घेतल्या, मधे रबर घातलं. मधोमध खालून वर जाणारी लांब चेन. चेनीच्या दातांतून उजेड झिरपतो म्हणून तिच्यावर चार बोटं रुंद पट्टी, दाबली की चिकटणारी. साळवे आत जाऊन बसले, मी बाहेरून लावलं. आतून आवाज आला, "एक कणही नाही! कदमबाई, तुम्हाला कॉलेजात घेतलं पाहिजे होतं." मग, "आता मी बाहेर कसा येऊ?"

चेन ओढायचा रनर मी बाहेरच्या बाजूला बसवला होता. पट्टीही बाहेरून. बावीस वर्षांत मी जेवढ्या चेनी बसवल्या त्या पँटच्या, आणि पँटच्या चेनीचा रनर बाहेरच असतो. हाताने आपलं नेहमीचं केलं. डोक्याला विचारलंच नाही.

मी उसवून परत लावते म्हटलं. साळवे हसत होते. "राहू द्या. उसवलं की भोकं पडतील, भोकांतून उजेड. मी आत गेलो की आतून जाड चादर लावून घेईन. आणि नसलो तर आत कोण असणार? रोपं. त्यांना चेन उघडायची नसते."

मी चूक तशीच ठेवली. काम संपलं होतं आणि मला घरी भाकऱ्या टाकायच्या होत्या.

साळवे समजावून सांगायचे, पण विचारलं तरच. मी विचारायची, कारण मला दुपारी काम नसे. एकदा विचारलं, "अंधारात ती पांढरी राहतात, उजेडात हिरवी होतात, हे तर कुणालाही माहीत आहे. त्यात पस्तीस वर्षं काय बघितलंत?"

त्यांनी चहाची बशी खाली ठेवली. "बी एकच असतं. त्याच्या आत हजारो हुकूम आधीच लिहिलेले असतात, कागदांच्या बाडासारखे. सगळे एका वेळी वाचले जात नाहीत. अंधारात वेगळी पानं उघडतात. त्यांच्यावर लिहिलेलं असतं, लांब हो, मान वाकव, पानं मिट, हिरवा रंग बनवू नकोस. उजेड पडला की रोपाच्या अंगात एक निरोप्या असतो, तो जागा होतो. पेशीच्या मधल्या कोठडीत शिरतो. तिथे अंधाराचे मुकादम बसलेले असतात. त्यांना कामावरून काढतो. मग दुसरी पानं उघडतात, दुसरे हुकूम सुटतात."

"किती वेळात?"

"पहिले हुकूम काही मिनिटांत."

"आमच्याकडे मुकादम काढायला युनियनला सात वर्षं लागली," मी म्हटलं.

"मान का वाकवतात?" मी पुढे विचारलं.

"मातीतून वर येताना कोवळा शेंडा घासला जाऊ नये म्हणून. वाकलेला भाग माती ढकलतो. शेंडा मागून येतो."

त्यांना कुणी झाडं बोलतात, झाडांना कळतं असं म्हटलं की राग यायचा. "मन नाही त्यांना. शिस्त आहे," म्हणायचे. आणि एक गंमत त्यांनी मला करून दाखवली होती. अंधारातल्या रोपांना लाल दिवा थोडा वेळ दाखवला की ती जागी व्हायला लागतात. पण लगेच दुसरा दिवा दाखवला, अगदी गडद लाल, आपल्या डोळ्याला जेमतेम दिसणारा, की पहिला दिवा दाखवलाच नव्हता असं वागतात. पुन्हा लाल, पुन्हा गडद लाल, कितीही वेळा करा. रोप शेवटच्या दिव्याचंच ऐकतं.

"पण फार वेळ गेला असेल तर परत फिरवता येत नाही," ते म्हणाले. "हुकूम एकदा सुटले की सुटले."

आता नवरात्राचं. हे ऐकून पुष्कळांना राग येईल, पण झालं तसं सांगते.

आमच्याकडे घट बसतात. परडीत माती, मातीत गहू, नऊ दिवस देवघराच्या कोपऱ्यात. गहू लांब आणि पिवळा आला की देवी पावली. आखूड, हिरवा आला तर बाया एकमेकींकडे बघतात. साळवे बौद्ध. त्यांच्या घरात देव नाही, भिंतीवर बाबासाहेब आणि बुद्ध. मी एकदा त्यांच्या काळ्या खोलीतला गहू पाहिला, वीतभर, सोन्यासारखा पिवळा. आणि मला कळलं की आमचे घट पिवळे का येतात. देवघराचा कोपरा अंधारा असतो म्हणून.

त्या वर्षी सुप्रियाला दिवस राहिले होते आणि आधीचं एक मूल गेलं होतं. तिला घट चांगला यायला हवा होता. मी साळवेंना म्हटलं, "परडी ठेवते तुमच्याकडे."

"देव माझ्याकडे नाही, कदमबाई. अंधार आहे. तो घ्या."

एकीचं बघून दुसरी आली. पाचव्या दिवशी त्या खोलीत सात घरांचे घट होते. चौधरीबाई पहिल्या दिवशी जिन्यात मोठ्याने म्हणाल्या होत्या, "बुद्धाच्या घरात घट? आमच्यात चालत नाही." तिसऱ्या दिवशी त्याच परडी पदराखाली झाकून आल्या. साळवे "दार!" एवढंच म्हणाले.

चूक मी केली. घटाजवळ अखंड दिवा लागतो. बाहेर माझ्या देवघरात तेवत होता, पण परडी इकडे आणि दिवा तिकडे हे मला खटकत होतं. साळवे बाजारात गेले तेव्हा मी गुपचूप आत गेले आणि तासभर तेलाचा दिवा लावून बसले. हात जोडले, दिवा विझवला, चेन लावली. मला वाटलं तासभराने काय होतंय.

दुसऱ्या दिवशी साळवेंनी मला बोलावलं. हिरव्या उजेडात दाखवलं. त्यांच्या मोहरीच्या माना सरळ झाल्या होत्या. मिटलेली पानं उघडून सगळी एका बाजूला वळली होती. मी जिथे बसले होते त्या बाजूला. बसलेल्या माणसाच्या तोंडाकडे बघावं तशी. तिथे मी नव्हते, दिवाही नव्हता. तरी सगळी तिकडे.

"कोण आलं होतं ते मी विचारत नाही," साळवे म्हणाले. "ती सांगतायत."

मी माफी मागितली नाही, मला ते जमत नाही. मी विचारलं, "आणि घट?"

"गव्हाचं काही बिघडलं नाही. थोडा हिरवट येईल."

दसऱ्याला सगळ्यांनी तुरे डोक्यात खोवले. सुप्रियाचा तुरा शेंड्याला हिरवा होता. ती माझ्याकडे बघत राहिली. मी तिला खरं सांगितलं, की तो अपशकुन नाही, माझा मूर्खपणा आहे. पुढे ओवी झाली, धडधाकट.

तर त्या दुपारी आम्ही तिघी त्या खोलीत होतो.

चेन वर चढत होती. आधी साळवेंचा शर्ट झाकला गेला, मग गळा. ते वाकून, मान खाली घालून ओढत होते, कारण धूर खालून येत होता आणि खालच्या कडेला त्यांना ओला टॉवेल दाबायचा होता. मग सरळ झाले. डोळे लाल, नाकावर रुमाल. फटीतून मला एवढंच दिसलं, रुमालाच्या वरचे डोळे.

"खाली चौधरीबाई एकटी असेल," ते म्हणाले. "बघून येतो."

"तुम्ही कुठे जाऊ नका. दाराशी थांबा," मी म्हटलं.

सुप्रियाने पडद्याची कड धरली होती. तिला ती मिटू द्यायची नव्हती. बोटं अडकली होती.

"दार!" साळवे ओरडले. तिने हात काढला. चेन बंद झाली.

मग बाहेरून पट्टी दाबल्याचा आवाज आला, अंगठ्याने, वरून खालपर्यंत. मग पावलं. मग लांब खाली कुणाचं तरी दार बडवल्याचा आवाज, बराच वेळ. मग काही नाही.

चौधरीबाई घरी नव्हत्या. दुपारच्याच उल्हासनगरला गेल्या होत्या, नातीच्या लग्नाच्या साड्या बघायला. ते कुलूप लावलेलं दार बडवत होते.

आत हवा स्वच्छ होती. डोळ्यांची आग कमी झाली, ओवीचा खोकला थांबला. हिरवा दिवा चालू होता, साळवेंनी तो जुन्या बॅटरीवर ठेवला होता. तीन ट्रे मोहरी होती, माना खाली घातलेली. सुप्रिया पुटपुटली, "आई, झाडं आहेत, हवा देतील ना?"

"अंधारात तीही आपल्यासारखाच श्वास घेतात," मी म्हटलं. साळवेंनी सांगितलेलं होतं. ते तेव्हा सांगायला नको होतं, पण सांगितलं. ओवी टक लावून ट्रेकडे बघत होती. ती फार वेळ बघते म्हणून मी तिचं तोंड माझ्या खांद्याकडे वळवलं. का वळवलं ते मला सांगता येणार नाही.

भिंतीवर साळवेंचं घड्याळ होतं, हिरव्या दिव्यात जेमतेम दिसणारं. पाच वाजून दहा मिनिटांनी बाहेर हालचाल झाली. कुणीतरी पट्टी पुन्हा दाबत होतं. अंगठ्याने, सावकाश, वरून खालपर्यंत. मग परत एकदा, वरून खालपर्यंत. मी हाक मारली, "साळवेभाऊ?" उत्तर नाही. सुप्रियानेही ऐकलं. तिला विचारा.

अग्निशमनची माणसं आली तेव्हा सहा वाजले होते. त्यांनी रेक्झीन पात्याने कापलं आणि बॅटरीचा झोत आत मारला. त्यांच्यातला एक पोरगा माझा चेहरा बघून म्हणाला, "चला आजी, आत अजून कुणी आहे?" मी साळवेंबद्दल विचारलं. त्याने सांगितलं, खालच्या जिन्यातून एक म्हातारा माणूस आधीच उचलला, साडेचारलाच, पहिल्या गाडीने. तळमजल्यावरच्या दाराला टेकून बसला होता.

मी घड्याळाचं सांगितलं. माझा मुलगा म्हणतो घड्याळ चुकलं असेल. साळवेंच्या त्या खोलीतलं घड्याळ चुकत नसे. मी भुताखेतांना मानत नाही. ऐकलं ते सांगितलं.

दुसऱ्या दिवशी मी त्यांच्या घरी गेले. इमारतीसमोरची झाडं करपली होती, पानं तपकिरी होऊन खाली पडली होती. काळ्या खोलीत कापलेल्या रेक्झीनमधून उजेड येत होता. मोहरी हिरवी झाली होती. माना वर, पानं उघडी, सगळी दाराकडे वळलेली. परत फिरवण्याची वेळ निघून गेली होती. मी ट्रे उचलून माझ्या खिडकीत आणले आणि पाणी घातलं.

साळवे त्या संध्याकाळीच दवाखान्यात वारले. त्या घरात त्या दुपारी आम्ही चौघं होतो. सुप्रिया, ओवी आणि मी, तिघी वाचलो.